बंद चुलीवरचे बटाटे

त्या नवरात्रात आमच्या चुलीवर शिजलेले बटाटे तुळजापूरचे नव्हते. सोलापूरचे होते. शेंगदाणे, भगर, वांगी हेही सोलापूरचंच. गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आणि देवीसमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, बटाट्यांचं काय एवढं? माणसं याहून मोठं काहीबाही पचवून ढेकर देतात. खरं आहे. पण या बटाट्यांनी एका माणसाला खोटं ठरवलं, आणि तो माणूस खोटा नव्हता.

ज्यांना हे पहिल्यांदा सांगितलं त्यांनी मला शिवी दिली नाही. त्यांनी खडू मागितला.

सर आमच्या तुळजापूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, मी गणित. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे आणि पँटच्या खिशात एक कवडी. ती कवडी बोटांत खेळवत वर्गात शिरायचे आणि विचारायचे, "तुळजापूरला समुद्र हाय का?"

"न्हाई सर!"

"मग देवीच्या दारात ज्याच्या त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ कुठनं आली?"

सर कवडी उंच धरायचे. "लांबच्या बेटावरनं आली. जहाजातनं, बैलावरनं, कुणाकुणाच्या हातातनं. एके काळी हाच आपला पैसा होता. आपला देव, आपला पैसा, अन् माल बाहेरचा. आता सांगा, व्यापाराला कशाला भ्यायचं?" इथून त्यांचा परदेशी व्यापाराचा धडा सुरू व्हायचा. तो वर्षअखेरपर्यंत संपत नसे.

सर सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. अकरावीतल्या पोरालाही. पोरं आधी हसायची, मग सरळ बसायला लागायची.

भाजी घेण्याची त्यांची एक तऱ्हा होती. ते कधी घासाघीस करत नसत, कारण विचारत. "मावशी, मागच्या बाजारापेक्षा वर का?" कारण पटलं की सांगितलेला भाव मुकाट्यानं द्यायचे. पटलं नाही तर तिथंच उकिडवे बसून मावशींची उलटतपासणी घ्यायचे. त्यामुळं बाजारात सर दिसले की बायका एकमेकींना हाळी द्यायच्या, "सर आलं गं, कारण काढून ठेव!" एकदा एकीनं त्यांना वाटेला लावायला ठोकून दिलं, "कुठं तरी लढाई लागली म्हनं सर, म्हून कोथिंबीर महाग." सर जागीच थांबले. "डिझेल महागलं म्हणून?" मावशी गोंधळून म्हणाली, "व्हय, त्येच." सरांचा चेहरा असा उजळला की बोलता सोय नाही. एका जुडीऐवजी चार जुड्या घेतल्या आणि दिवसभर कॉलेजात सांगत सुटले की बाजारातल्या मावशींना जग कळतं. मावशीला बिचारीला फक्त कोथिंबीर विकायची होती.

दर आठवडी बाजाराला पोरांची रांग मागं घेऊन ते असा तास घ्यायचे. हातात पिशव्या, वह्या नाहीत. परीक्षेत त्याचे गुण नसत, तरी पोरं यायची. माझ्या गणिताच्या जादा तासाला बसलेली पोरंसुद्धा खिडकीतून सर दिसले की चुळबुळायला लागायची. हे मला सलायचं. आता लिहायलाच बसलोय तर ते गाळण्यात अर्थ नाही.

दाढीचं सांगायचं राहिलं. सर दाढी घरीच करत आणि हनुवटीखाली हमखास एक पट्टा सुटे. एकदा न्हाव्यानं विचारलं, "सर, आमच्यावर राग हाय का?" सर म्हणाले, "राग न्हाई हो. पण तेल बाहेरनं येऊ शकतं, डाळ येऊ शकते. मलेशियातनं दाढी येत न्हाई. म्हणून तुमचा भाव नुसता वर वर जातो, त्याला धाक कुणाचाच न्हाई." न्हाव्याला यातलं फक्त एवढंच कळलं की सर आपल्याला महाग म्हणाले. ते दोघं पुढं वर्षभर बोलत नव्हते.

आणि माझ्या लग्नाची पंगत. सासुरवाडी सोलापूरची, माणसं मानपानाची. सर ताटावर बसले, एकेका पदार्थावर बोट ठेवत मोठ्यानं मोजायला लागले. "डाळ ब्रह्मदेशची. तेल मलेशियाचं. गॅस अरबांचा. बदाम अमेरिकेचा." वाढपी वाटी हातात धरून थबकले. सासरेबुवांचा चेहरा उतरत चालला. मग सर हात जोडून म्हणाले, "पण मुलगी अस्सल सोलापूरची! तिला तोड न्हाई." सगळी पंगत हसली. सासरे मात्र पुढं कितीतरी दिवस मला विचारायचे, "ते देश मोजणारे बरे आहेत ना?"

वेड्यासारखं वाटतं ना? पण त्यांचं म्हणणं वेडं नव्हतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेता घेता ते समजावून सांगत. "असं बघा. गावाच्या वेशीला कुलूप घातलं, अन् गावात लोकांच्या हातात पैसा वाढला. माल तेवढाच. दुकानदार काय करंल? भाव चढवंल. वेस उघडी असली तर सोलापूरचा टेम्पो आत येतो. टेम्पो दिसला की गावातला दुकानदार नीट वागतो. देशाचंबी तेच. अन् दुसरी गोष्ट त्याहून मोठी. वेस उघडी असली की सरकारला उधळेपणा जमत न्हाई. नोटा सैल सोडल्या की रुपया पडतो. रुपया पडला की बाहेरचं तेल महाग होतं, अन् चटका थेट फोडणीला बसतो. लोकांच्या शिव्या लगेच ऐकू येतात. शिव्या लवकर ऐकू आल्या की सरकार लवकर शहाणं होतं."

"आणि बाहेरच महागाई झाली तर?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"तर ती बी आत येणार. येत न्हाई असं मी कुठं म्हणालो? पण एका गावचा पाऊस गेला म्हणून सगळ्या जगाचा जात न्हाई."

एक दिवस स्टाफरूममध्ये प्राचार्य म्हणाले, "सर, तुमचं हे ठीक आहे, पण देश म्हणजे काय खानावळ हाय का?"

सर उठून उभे राहिले. "हाय की. चला, खानावळीतच दाखवतो."

आमच्या वसतिगृहाच्या दोन इमारती होत्या, जुनी आणि नवी. प्रत्येकीचं स्वयंपाकघर वेगळं. जुनीचे रेक्टर सर, नवीचा मी. सरांनी तिथल्या तिथं नियम ठरवले. जुनीची 'उघडी चूल'. तिनं सोलापूर, नळदुर्ग, अणदूर, जिथं परवडेल तिथून माल आणायचा. नवीची 'बंद चूल'. तिनं सगळं तुळजापुरातच घ्यायचं. दसरा झाल्यावर दोन्हीकडच्या थाळीचा भाव फळ्यावर लावायचा. बंद चुलीचा भाव जास्त चढला तर सर बरोबर.

"आणि न्हाई चढला तर?" प्राचार्यांनी विचारलं.

सरांनी कवडी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडं बोट केलं. "तर ही यांची. अन् बाजारातला तास बंद. जी गोष्ट खरी न्हाई ती मी पोरांना बाजारात फिरवून सांगणार न्हाई. मी जिंकलो तर यांनी दर बाजाराला माझ्या मागं पिशवी धरून यायचं."

बंद चूल मलाच का, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, "गणितवाल्याकडं हिशोब असला की आपल्याला बघायचं काम न्हाई."

हे वाक्य माझ्या कानात अजून आहे.

पहिले काही आठवडे दोन्ही चुलींत फरक दिसेना. स्टाफरूममध्ये टोमणे सुरू झाले. सर म्हणायचे, "साध्या दिवशी कळत न्हाई. गर्दी येऊ द्या."

मग नवरात्र आलं. तुळजापूरचं नवरात्र ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. भवानी ज्योत घेऊन धावत येणारे तरुण, अनवाणी चालत येणारी माणसं, सोलापूरहून सुटणाऱ्या जादा गाड्या, प्रत्येक लॉजला माणूस, प्रत्येक खानावळीला रांग. गावात माणसं दसपट आणि बटाटा तेवढाच. भाव असा चढला की भाजीवाल्या बायका स्वतःच लाजून सांगायच्या. माझ्या इमारतीत निम्म्या पोरांना उपवास. थाळीतला बटाटा रोज बारीक होत चालला. जुन्या इमारतीतली पोरं जिन्यावरून ओरडायची, "काय रे, आज बटाटा दर्शनाला ठेवलाय का?" त्यांच्याकडं अणदूरचा बटाटा भरभरून होता.

सर बरोबर ठरत होते. अगदी डोळ्यांसमोर. आणि मला ते बघवेना.

बायको तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी सोलापूरला होती. मी भेटायला जायचो. मेव्हणा भाजी मंडईत कामाला. त्याला म्हटलं, वसतिगृहाला माल हवाय. त्याला त्यात वावगं ते काय वाटणार? त्यानं पोती भरून दिली. मी ती जीपमध्ये टाकून भर दुपारी तुळजापुरात आणली, पुढं दोनतीनदा आणली. लपवायची गरजच पडली नाही. नवरात्रात खांद्यावर पोतं घेतलेला माणूस म्हणजे अन्नदान करणारा. एका म्हाताऱ्यानं तर वाकून माझे पाय धरले आणि विचारलं, "मालक, पंगत कुठं हाय?" मी कसंबसं मंदिराच्या दिशेनं बोट दाखवलं.

आमचे आचारी हमीदभाई. त्यांनी पोत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मी काय इचारत न्हाई, सर. मी फकस्त सोलतो."

जीपचं भाडं मी माझ्या पगारातून दिलं. चुलीच्या हिशोबात ते धरलंच नाही.

दसऱ्यानंतर फळ्यावर दोन आकडे लागले. बंद चुलीचा भाव उघड्या चुलीपेक्षा थोडा कमीच आला होता. स्टाफरूम खदाखदा हसली. प्राचार्य म्हणाले, "सर, आता तुमचं दार लावून घ्या." सर फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हिशोब मागतील, भांडतील, शंका घेतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणाले, "आकडा यांचा हाय म्हणजे खरा हाय. मग मी चुकलो." आणि कवडी माझ्या तळहातावर ठेवली.

पुढच्या बाजाराला पोरं पिशव्या घेऊन गेटपाशी उभी राहिली. सर आले नाहीत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तो धडा ते पुस्तकातून वाचून दाखवायचे. "काही जण असं म्हणतात, काही जण तसं म्हणतात." भाजी दुकानातून घ्यायला लागले, भाव न विचारता. बाजारातल्या बायका मला विचारायच्या, "तुमचं सर आजारी हायेत का?"

कवडी माझ्या टेबलाच्या खणात होती.

सर निवृत्त होऊन भूमला गेले. मी इथंच राहिलो, केस पिकले, उपप्राचार्य झालो. गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये ठेवला. हॉल खच्चून भरलेला. कुणी बँकेत, कुणी तेलाच्या धंद्यात, कुणी शेतीत. मी मंचावर, सरांच्या शेजारी. कवडी खिशात घेऊन आलो होतो, का ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

शाल, श्रीफळ, भाषणं झाली. सर उत्तराला उभे राहिले. आवाज बारीक झाला होता, हनुवटीखाली दाढीचा पट्टा सुटलेलाच. आभार मानून म्हणाले, "तुमच्यातल्या जुन्या लोकांची मला माफी मागायची हाय. बाजारात हिंडवून मी तुम्हाला एक गोष्ट शिकवली. पुढं आमच्याच वसतिगृहात ती खोटी ठरली. मी तुम्हाला परत बोलवून सांगायला पाहिजे होतं, न्हाई सांगितलं. आज सांगतो. ती पुसून टाका."

सत्काराच्या दिवशी माणूस माफी मागतोय, आणि ज्याच्यामुळं मागतोय तो शेजारी हार घालून बसलाय.

मी उभा राहिलो. माईक घ्यायचंही सुचलं नाही. "सर, पुसू नका. तुम्ही चुकला नव्हता. ते बटाटे सोलापूरचे होते."

सर वळले. "काय म्हणालात?"

"बंद चुलीचे बटाटे. सोलापूरचे. मी आणले होते."

"शेंगदाणे?"

"सोलापूरचे."

"भगर?"

"तीही."

"वांगी?"

"वांगीसुद्धा, सर."

मागून कुणीतरी फसकन हसलं. सर हसले नाहीत. एक पाऊल पुढं आले. "भाडं?"

"माझ्या पगारातनं."

"हिशोबात धरलं?"

"नाही."

"हमीदभाईला ठावं होतं?"

"होतं."

"म्हंजे तुळजापुरात फक्त मलाच ठावं नव्हतं!" असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला, आणि पुढच्या क्षणाला तो हात हवेत गेला. "खडू! अरे खडू आणा कुणीतरी!"

बँकेतला मॅनेजर खडू आणायला पळाला. मंचामागं फळा होता, त्यावर सत्काराची रंगीत अक्षरं. सरांनी शालीनं स्वतःचं नाव पुसलं आणि तिथं दोन चुली काढल्या. काठी टेकत आलेला माणूस काठी विसरला.

"बघा! म्हंजे बंद चूल कधी बंद नव्हतीच. वेशीला कुलूप घातलं की माल थांबत न्हाई, आडवाटेनं येतो. अन् आडवाटेचा खर्च कुणी भरला? यांनी. मग भाव थाळीवर चढला न्हाई, यांच्या पगारावर चढला. महागाई गेली न्हाई, लपली! कुलूप लावणाऱ्याचे आकडे नेहमी चांगले दिसतात, कारण अर्धा खर्च फळ्यावर येतच न्हाई. हे मला सुचायला पाहिजे होतं. मी माल मोजला अन् माणूस मोजायचा राहिला!"

टाळ्या अशा पडल्या की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मागं अणदूरचा एक शेतकरी, सरांचा जुना विद्यार्थी, हात वर करून उभा होता. "सर, पण बाहेरचं तेल स्वस्तात आलं की आमच्या सोयाबीनचा भाव बसतो. त्याचं काय?"

सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक रोप काढलं. "व्हय. महागाई दाबली जाते ती अशी कुणाच्या तरी अंगावर. हेबी फळ्यावर आलं पाहिजे. लपवायचं न्हाई, हे तर आत्ताच शिकलो. तुमच्या सोयाबीनचा तास पुढच्या बाजारात." त्यांनी 'पुढच्या बाजारात' म्हटलं आणि जुनी पोरं, पिकल्या मिशांची, बाकांवर हात आपटायला लागली.

नंतर व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. मी कवडी काढून पुढं केली. सरांनी ती पाहिली. तेव्हा ते पहिल्यांदाच मला एकेरीत बोलले.

"टाळ्या पडल्या म्हणून सुटलास असं समजू नको. मधल्या वर्षांतल्या पोरांनी बाजार बघितलाच न्हाई. ती पोरं तू मला परत आणून देऊ शकत न्हाईस."

"नाही, सर."

"अन् ही कवडी मी घेणार न्हाई. तू जिंकला न्हाईस, मी हरलो न्हाई. सामना झालाच न्हाई." त्यांनी माझी मूठ मिटवली. "सामना होऊ दे. मग घेईन."

पुढच्या बाजाराला मी सकाळच्या एसटीनं भूमला गेलो. स्टँडवर सर उभे होते, मागं आठदहा जण पिशव्या घेऊन, त्यात तो बँकवाला आणि अणदूरचा शेतकरी. माझ्या हातात सर्वांत मोठी पिशवी आली. सर टोमॅटोच्या ढिगासमोर उकिडवे बसले. "मावशी, मागच्या बाजारापेक्षा वर का?"

मावशीनं आम्हा सगळ्यांकडं पाहिलं. "घ्यायचं हाय का इचारायचं हाय?"

"दोनीबी," सर म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, बाजाराच्या गलक्यावर चढणारा. मावशी सांगत गेली, सर ऐकत गेले, माणसं गोळा होत गेली. दुपारपर्यंत पलीकडच्या ओळीतून हाळी ऐकू आली, "अगं, ते म्हातारं हिकडंच येतंय, कारण काढून ठेव!" सरांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि भुवई उडवली. पिशवी जड होती. इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

पिशवीचं देणं मी असं फेडतोय. दुसरं अजून बाकी आहे. वसतिगृहाच्या दोन्ही चुली येत्या नवरात्रात पुन्हा पेटतील, तशी परवानगी मी काढून ठेवली आहे. बंद चूल माझ्याकडं असेल, आणि या वेळी ती बंद असेल. सरांचं एक खरं नवरात्र मी देणं लागतो.